गटऑफिसातला स्कॅनर : अडला तर काय पाहावे, चुकला तर कसे ओळखावे



ऊसनोंदीचे दिवस आले की गटऑफिसात गर्दी होते. कोणी सातबारा आणतो, कोणी बँकेचे पासबुक, कोणी आधार कार्ड, तर कोणी वारसनोंदीचे कागद. पूर्वी हे सारे कागद टाचून फायलीत जात. आता ते आधी स्कॅनरवर जातात, त्यांचे चित्र कॉम्प्युटरात साठते आणि पुढची कामे त्या चित्रावरून होतात. हिशेब खात्यातला माणूस तुमचा मूळ कागद बघत नाही. तो पडद्यावरचे चित्र बघतो. तेव्हा चित्र नीट आले की नाही, हा प्रश्न एकट्या ऑपरेटरचा नाही, तुमचाही आहे. म्हणून या वेळच्या धड्यात स्कॅनरविषयी चार गोष्टी सांगत आहे.

एका सातचा एक झाला

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका संस्थेत कारकून होतो. एक आबा उसाच्या बिलासाठी खाते नंबराचा फॉर्म घेऊन आले. नंबर त्यांनी स्वत:च्या हाताने इंग्रजी आकड्यांत लिहिला होता. पण पेनातली शाई संपत आलेली. मी फॉर्म स्कॅनरला लावला, चित्र आले, कागद परत दिला.

"झालं ना रे बाळा सगळं बराबर?" आबांनी विचारले.

"झालं आबा, जा तुम्ही निवांत," मी म्हणालो. चित्र मी उघडून पाहिलेच नव्हते.

मूळ कागदावर सात होता. त्याच्या डोक्यावरची आडवी रेघ फिकट होती, ती स्कॅनरने पांढऱ्यात जमा केली. खाली राहिली ती उभी रेघ, म्हणजे एक. संस्थेने पैसे वेळेवर पाठवले, पण त्या नंबराचे खातेच नसल्यामुळे बँकेकडून रक्कम परत आली. चूक सापडून पैसे खात्यात पडेपर्यंत सोसायटीचे कर्ज भरायची मुदत टळून गेली होती. मुदतीत भरले असते तर व्याजाची जी सवलत मिळाली असती, ती आबांची बुडाली. ते ऑफिसात आले, मूळ फॉर्म माझ्यापुढे ठेवला आणि एवढेच म्हणाले, "म्या तर सातच लिहिला होता."

मशीन त्या दिवशी अडले नव्हते. कागद अडकला नव्हता, लाल दिवा लागला नव्हता. या धड्याचा मुद्दा तोच आहे. स्कॅनरचे बिघाड दोन जातींचे असतात. एका जातीत मशीन थांबते आणि सगळ्यांना कळते. दुसऱ्या जातीत मशीन चालत राहते आणि चुकीचे चित्र देते, ते कोणालाच कळत नाही. पहिल्याने वेळ जातो, दुसऱ्याने पैसा आणि हक्क.

स्कॅनर बघतो कसा ?

स्कॅनर अक्षरे वाचत नाही. तो कागदावर उजेड टाकतो आणि कुठे किती उजेड परत आला, ते ठिपक्याठिपक्याने मोजतो. १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श यांनी कॉम्प्युटरात घातलेले पहिले चित्र त्यांच्या तान्ह्या मुलाचे होते. ते आडवे १७६ आणि उभे १७६ ठिपक्यांचे. आज आपण ए-फोर आकाराचा कागद ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपके या मापाने घेतो, तेव्हा एका पानाचे सुमारे ८७ लाख ठिपके होतात.

सातबारा, फॉर्म, पासबुक यांना ३०० डीपीआय पुरेसे होते. "फाईल मोठी होते" म्हणून कोणी १०० वर आणतात. मग बारीक गट नंबर आणि गोल शिक्क्यातली अक्षरे फुटतात. उलट ६०० वर ठेवले तर ठिपके चौपट होतात, मशीन मंद चालते, जागा खाते आणि सातबाऱ्याला त्याचा विशेष फायदा होत नाही.

कागद घ्यायच्या जागा दोन. एक सपाट काच, तिच्यावर कागद ठेवून झाकण लावायचे. दुसरा फीडर, त्यात गठ्ठा ठेवला की मशीन एकेक कागद ओढून घेते. पुढचे बरेच बिघाड या फरकावरून उमगतात.

बोलके बिघाड : मशीन थांबते ते

१. कागद अडकणे. याचे पहिले कारण टाचणी, स्टेपलची पिन आणि दुमडलेला कोपरा. कागद लावण्याआधी पिन काढावी, कोपरे सरळ करावेत, गठ्ठा दोन्ही हातांनी पंख्यासारखा फुलवून मग टेबलावर ठोकून सारखा करावा. अडकलेला कागद जोर लावून ओढू नये. झाकण उघडावे आणि कागद ज्या दिशेने जात होता, त्याच दिशेने दोन्ही हातांनी सावकाश काढावा. फाटून तुकडा आत राहिला तर पुढचा प्रत्येक कागद तिथेच अडकणार.

२. दोन कागद एकदम जाणे. पावसाळ्यात इगतपुरी, दिंडोरीकडून येणारे कागद दमट असतात, ते एकमेकांना चिकटतात. निफाडच्या कोरड्या थंडीत उलट होते. कागदावर वीज साचते आणि त्यामुळेही ते चिकटतात. दोन्ही वेळी कागद आधी फुलवून घ्यावेत. दमट कागद पंख्याखाली थोडा वेळ पसरावेत, उन्हात नकोत, वाळून वाकतात. काही स्कॅनरांत दोन कागद एकदम आले तर आवाजाच्या लहरींवरून ओळखून थांबायची सोय असते. ती "सारखं थांबतंय" म्हणून कोणी बंद करून ठेवलेली नाही ना, ते पाहावे. कारण ती बंद असली की हाच बोलका बिघाड मुका होतो. मधला कागद चित्राशिवाय निघून जातो आणि गठ्ठा मात्र पूर्ण झालेला दिसतो.

३. कागद ओढलाच न जाणे. फीडरचा रबरी रोलर गुळगुळीत झाला किंवा त्यावर धूळ बसली की तो कागदावर घसरतो. उसाच्या गिरणीचे रोलर गुळगुळीत झाले की ऊस धरत नाहीत, म्हणून त्यांच्यावर वेल्डिंगचे दाणे टाकतात, हे आपल्यापैकी अनेकांनी कारखान्यात पाहिले असेल. इथे वेल्डिंग नाही, पण तत्त्व तेच. आधी रोलर पुसावा. पुसूनही घसरत असेल तर तो झिजला, बदलावा. किती पानांनंतर बदलायचा, ते मशीनच्या पुस्तिकेत दिलेले असते.

४. कॉम्प्युटरला स्कॅनर न दिसणे. "मशीन बिघडलं" म्हणण्याआधी क्रमाने पाहावे : वीज आहे का, केबल दोन्ही टोकांना घट्ट बसली आहे का, मधला जोड काढून केबल थेट कॉम्प्युटरला लावून पाहिली का, स्कॅनर आणि कॉम्प्युटर दोन्ही बंद करून पुन्हा चालू केले का. कॉम्प्युटर नवा आला असेल किंवा त्याची प्रणाली बदलली असेल, तर त्या स्कॅनरचा ड्रायव्हर पुन्हा घालावा लागतो. चित्र नेटवर्कवरून फोल्डरात जात असेल आणि एके सकाळी अचानक थांबले, तर आधी विचारा की पासवर्ड कोणी बदलला का ? पुष्कळ वेळा कॉम्प्युटरचा पासवर्ड बदललेला असतो आणि स्कॅनरात जुनाच राहिलेला असतो.

मुके बिघाड : मशीन चालते पण चित्र चुकते

१. उभी रेघ. गठ्ठा फीडरमधून घेतला की प्रत्येक पानावर एकाच जागी वरपासून खालपर्यंत रेघ दिसते. तोच कागद सपाट काचेवर ठेवला तर रेघ नाही ! असे का ? फीडरमध्ये बघणारा डोळा एका जागी स्थिर असतो आणि कागद त्याच्यावरून सरकतो. डोळ्यासमोरच्या अरुंद काचपट्टीवर धुळीचा एक कण बसला, तर तो पानाच्या प्रत्येक ओळीत पुन्हा पुन्हा दिसतो आणि त्याची रेघ होते. सपाट काचेवर डोळा सरकतो, कागद स्थिर असतो. तिथे तोच कण एकदाच दिसतो, म्हणजे एक ठिपका. तेव्हा रेघ दिसली की मोठी काच घासत बसू नये, बाजूची अरुंद काचपट्टी पुसावी. तरी रेघ राहिली तर तिच्या समोरची पांढरी पट्टीही पुसावी, कारण पांढरे म्हणजे किती पांढरे, हे मशीन त्या पट्टीवरून ठरवते.

हंगामात आपल्याकडे हा त्रास वाढतो. यार्डातली धूळ, बगॅसचा बारीक भुसा, चिमणीची काजळी हे सारे खिडकीतून येते. त्यात ओल्या किंवा चिकट हाताचे बोट काचेवर उमटले की भुसा तिथेच धरून बसतो.

२. फिकट शाई उडणे. आबांच्या फॉर्मचे हेच झाले. स्कॅनर "काळे-पांढरे" या पद्धतीवर असला की प्रत्येक ठिपक्याचा निवाडा दोनच शब्दांत होतो : काळा किंवा पांढरा. मधले काही नाही. फिकट शाई, जांभळा शिक्का, पुसट अंगठा हे पांढऱ्याच्या बाजूला जातात. म्हणून हाताने लिहिलेला किंवा शिक्क्याचा कागद "करड्या" किंवा रंगीत पद्धतीनेच घ्यावा. स्टँपपेपरला तर रंगीतच बरे. आपल्या नाशिक रोडला १९२५ पासून इंडिया सिक्युरिटी प्रेस आहे, तिथे छापलेला स्टँपपेपर आपण ओळखतो. त्याच्या पार्श्वभूमीवर मुद्दाम बारीक नक्षी असते. काळ्या-पांढऱ्यात ती नक्षी काळवंडते आणि तिच्यावरचा मजकूर झाकला जातो.

३. खालचा भाग कापला जाणे. मशीनचे माप ए-फोर असते, म्हणजे लांबी २९७ मिलिमीटर. लीगल आकाराचा कागद ३५६ मिलिमीटरचा. माप न बदलता तो काचेवर ठेवला तर तळाचे जवळजवळ ६ सेंटिमीटर चित्रात येतच नाहीत. आणि सह्या, साक्षीदार, शिक्का हे सगळे कागदाच्या तळालाच असते ! लांब कागद फीडरमधून "लीगल" माप निवडूनच घ्यावा.

४. मागची बाजू गळणे. फेरफाराची किंवा दस्ताची नोंद पुष्कळदा कागदाच्या मागे असते. एकच बाजू घेणारी पद्धत लावली असेल तर ती राहते. दोन्ही बाजू लावल्या तरी "कोरे पान वगळा" ही सोय चालू असेल, तर एखादी पुसट सही किंवा अंगठा एवढेच असलेले पान मशीन कोरे समजून टाकून देते. सभासदांचे दस्त घेताना ही सोय बंद ठेवावी.

आकडा बदलणारे मशीन

कोणी म्हणेल, चित्र पुसट असेल तर निदान पुसट दिसेल तरी, स्वच्छ दिसतंय ते खरंच असणार ! तसेही नाही. आपण छायाप्रतीलाच "झेरॉक्स" म्हणतो, त्याच कंपनीच्या काही मशीनांबाबत २०१३ साली एक गोष्ट उघडकीस आली. जर्मनीतल्या डेव्हिड क्रीझेल या संगणकतज्ज्ञाने एका घराचा नकाशा स्कॅन केला. त्यात तीन खोल्यांची क्षेत्रे १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर होती. चित्रात तिन्ही खोल्यांवर १४.१३ आले, तेही अगदी स्वच्छ, ठळक.

कारण असे : फाईल लहान करण्यासाठी मशीन एकसारखे दिसणारे तुकडे एकदाच साठवत होते आणि बाकीच्या ठिकाणी तोच तुकडा चिकटवत होते. बारीक आकड्यांत त्याची गफलत झाली आणि सहाच्या जागी आठ, असेही प्रकार सापडले. कंपनीने पुढे सुधारित प्रणाली दिली. पण धडा जगभरच्या ऑफिसांना मिळाला. फाईल लहान करण्याच्या हव्यासात आकड्याचा बळी जाऊ शकतो, आणि स्वच्छ चित्र म्हणजे खरे चित्र असे नव्हे. म्हणून दाबून लहान करण्याचे प्रमाण कमीत कमी ठेवावे आणि आकडे मूळ कागदाशी ताडून पाहावेत.

सभासदाचे याच्याशी काय नाते ?

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३८ प्रमाणे प्रत्येक संस्थेला सभासदांची नोंदवही ठेवावी लागते. तीत सभासदाने नेमलेल्या वारसदाराचीही नोंद असते. माणूस गेल्यावर घरचे लोक तोच कागद मागायला येतात. त्या वेळी चित्रात वारसदाराच्या नावाची ओळ कापलेली निघाली आणि मूळ कागद घरी सापडला नाही, तर भावाभावांत वाद लागायला उशीर लागत नाही.

सरकारी दप्तराचेही तसेच आहे. महसूल खात्याने जुने सातबारे, फेरफार इत्यादी स्कॅन करून "आपले अभिलेख" या संकेतस्थळावर ठेवले आहेत. त्यांत आपल्या नाशिक जिल्ह्याचेही आहेत. तुमच्या गटाचा जुना फेरफार काढलात तर नुसता ठेवून देऊ नका. पान पूर्ण आहे का, नोंद क्रमांक वाचता येतो का, ते पाहा. वाचता येत नसेल तर मूळ अभिलेख ज्या कार्यालयात आहे, तिथे नकलेचा अर्ज करा. आजोबांच्या काळचा कागद अजून धड आहे तोवर हे काम सोपे.

सभासदांनी आपल्या बाजूने एवढे करावे :

• फॉर्म निळ्या किंवा काळ्या ठळक शाईने भरावा. खाते नंबर सुटासुटा लिहावा. मराठी १ आणि ९ किंवा इंग्रजी एक आणि सात यांत घोटाळा होणार नाही असे काढावेत.

• फोटो, तिकीट चिकटवलेला किंवा जीर्ण कागद फीडरमध्ये घालू देऊ नये. "दादा, हा काचेवर घ्या," असे सांगावे. पासबुकही काचेवरच.

• काट्यावरची वजनपावती गुळगुळीत, उष्णतेने छापणाऱ्या कागदाची असेल, तर ती ऊन, प्लॅस्टिकची पिशवी आणि हाताचे तेल यांनी उडते. तिला लॅमिनेशन करू नये, उष्णतेने ती काळी पडते. लवकरात लवकर तिची प्रत काढावी.

• स्कॅन झाले म्हणून मूळ कागद टाकू नये. वाद उपस्थित झाला तर शेवटी त्याचाच आधार लागतो.

ऑपरेटरसाठी रोजची शिस्त

सकाळी पहिले काम, मशीनची वीज बंद करून काच आणि अरुंद काचपट्टी मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसणे. डाग चिवट असेल तर कापडावर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावे, थेट काचेवर ओतू नये. रॉकेल, पेट्रोल, थिनर कधीही नाही, त्याने रबर आणि प्लॅस्टिक खराब होते. रोलर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे आठवड्यातून एकदा पुसावेत, हंगामात जास्त वेळा. काम संपल्यावर मशीनवर कापडी झाकण घालावे.

मग एक कोरा पांढरा कागद फीडरमधून घेऊन त्याचे चित्र पाहावे. रेघ, डाग काही दिसले तर ते आताच दिसेल, दोनशे सभासदांचे कागद गेल्यावर नव्हे.

गठ्ठा लावण्याआधी कागद मोजावेत आणि झाल्यावर चित्रे मोजावीत. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. फाईलला नाव देताना सभासद क्रमांक आधी घालावा, कारण एका गावात एकाच नावाचे तीन सभासद असतात.

शेवटी एक विनंती. उसाची गाडी काट्यावर नेण्याआधी काटा शून्यावर आहे की नाही, हे आपण बघतो. त्याला कोणी अविश्वास म्हणत नाही, तो रिवाज आहे. तसाच रिवाज स्कॅनरच्या टेबलापाशी पडावा. ऑपरेटरने चित्र पडद्यावर उघडावे, सभासदाने नाव, गट नंबर, क्षेत्र, खाते नंबर आणि तळाची सही एवढे बघावे, मगच मूळ कागद हातात घेऊन उठावे. अर्ध्या मिनिटाचे काम आहे. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना ऑपरेटरने आकडे मोठ्याने वाचून दाखवावेत. "दाखवा बरं एकदा," असे कोणी म्हटले तर त्याचा राग मानू नये.

त्या दिवशी ते अर्धे मिनिट मी दिले असते, तर आबांचे नुकसान टळले असते. त्यानंतर चित्र दाखवल्यावाचून मी कोणाचा कागद परत केला नाही.

जय सहकार !